केळीच्या खोलीतलं कार्ड

योगेंद्रच्या घरात एकच कूलर आहे. उन्हाळ्यात त्याचं तोंड कॉम्प्युटरकडे असतं.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मला वाटलं, कोणीतरी चुकून फिरवला असेल. मी तो पलंगाकडे वळवला. पलंगावर त्याची आई, बेबाबाई, कपाळावर ओला रुमाल टाकून पडल्या होत्या. योगेंद्र खुर्चीतून उठला, कूलर होता तसा केला आणि परत जाऊन बसला. माझ्याकडे त्यानं पाहिलंही नाही.

"ऱ्हाऊ दे, भाऊ," बेबाबाई म्हणाल्या. "त्यानं मशीन तापस."

बाहेर पारा चव्वेचाळीसवर होता. वडील, अभिमनआबा, ओट्यावर निंबाच्या सावलीत पोतं अंथरून बसले होते. पोरगा आत मशीन थंड करतोय याचं त्यांना काहीच वाटत नव्हतं. उलट मला पाहून ते हसले आणि बोट आत दाखवून म्हणाले, "काम चालू शे."

योगेंद्र पाटील माझा मित्र. गाव चोपड्याच्या पुढे, सातपुड्याच्या पायथ्याशी. केळीचा बाग, कापूस, दोन म्हशी. जळगावला कॉलेजात असताना आम्ही एका खोलीत राहायचो. तो इंजिनिअरिंगला होता. मी मराठी घेऊन बीए करत होतो. माझं झालं. त्यानं तिसऱ्या वर्षी सोडलं. घरी सांगितलं की आता सगळं ऑनलाइन असतं. घरच्यांनी ऐकलं.

त्याचा छंद ओव्हरक्लॉकिंग. कंपनीनं ठरवून दिलेल्या वेगापेक्षा मशीन जास्त पळवायचं. जास्त पळालं की जास्त तापतं. जास्त तापलं की बंद पडतं. बंद पडायच्या अलीकडे, अगदी कडेवर ते धरून ठेवायचं आणि एक चाचणी चालवायची. चाचणी संपली की पडद्यावर एक आकडा येतो. तो आकडा म्हणजे सगळं.

लोकांना वाटतं तो गेम खेळतो. मी त्याला एकही गेम शेवटपर्यंत खेळताना पाहिलेलं नाही. गेममध्ये डोंगर असायचे, नद्या असायच्या, पाऊस असायचा. हा त्या पावसात एका जागी उभा राहायचा आणि कोपऱ्यातले आकडे बघायचा. पुढे काय आहे ते बघायला एक पाऊल टाकायचा नाही.

"पुढे जा ना," मी एकदा म्हणालो.

"कशाला? इथंच लोड जास्त येतो."

गेल्या थंडीत त्यानं नवीन ग्राफिक्स कार्ड घ्यायचं ठरवलं. साधं नाही, सगळ्यात वरच्या वर्गातलं. धुळे, जळगाव, नंदुरबार इथल्या पोरांचा एक ग्रुप आहे. त्यांनी आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, स्पर्धा ठेवली होती. आखाजीला आमच्याकडे मोठी माणसं झाडाखाली बसून पत्ते कुटतात, पैसे लावतात, आणि त्या दिवशी त्यांना कोणी काही बोलत नाही. या पोरांनी त्यातलं आपलं काढलं. आखाजीच्या आदल्या दिवसापर्यंत ज्याचा आकडा सगळ्यात मोठा, तो वर्षभर खान्देशात पहिला.

कार्ड निवडायला त्याला अख्खा हिवाळा लागला. मी धुळ्याहून सुट्टीला गेलो की तो माझ्या हातात फोन द्यायचा. "तू साहित्यवाला. वाच." मग मी परीक्षणं वाचायचो. तो डोळे मिटून ऐकायचा. हिरव्या कंपनीचं की लाल कंपनीचं. मेमरी सोळा की चोवीस. तीन पंख्यांचं की पाण्यावर थंड होणारं. वीज किती ओढतं. तापल्यावर पंखे किती ओरडतात. मेमरीच्या चिप्स कोणत्या कारखान्यातल्या. एकाच कंपनीच्या एकाच कार्डाचे पाच प्रकार, आणि त्या पाचांत फरक एवढाच की एकाला कारखान्यातच थोडं जास्त पळायला शिकवलेलं. त्या फरकावर तो एक आठवडा जेवणाच्या ताटावर बोलत होता. ताट गार व्हायचं. बेबाबाई दुसरी भाकरी टाकायच्या. तो पहिलीच तशी सोडून उठायचा.

मला तेव्हा गंमत वाटायची. माणसाला एवढी आवड असावी, असंही वाटायचं.

शेवटी दोन कार्डं उरली. जळगावच्या एका दुकानात दोन्ही होती. आबा म्हणाले, मीही येतो. आम्ही तिघं गेलो. दुकानदार आमच्याच वयाचा, गळ्यात पट्टा, सतत च्युइंगम. त्यानं दोन्ही डबे काउंटरवर ठेवले. योगेंद्रनं त्याला प्रश्न विचारायला सुरुवात केली. पॉवर लिमिट किती वाढतं, व्होल्टेज मोकळं आहे का, कार्डाच्या आतला सगळ्यात तापलेला बिंदू किती अंशांवर जातो. दुकानदाराला अर्धं माहीत नव्हतं. तो दर वेळी म्हणायचा, "भाऊ, एकदम टॉप आहे."

आबांनी पहिला डबा उचलला. खाली ठेवला. दुसरा उचलला. हातात जरा वरखाली केला.

"हाई जड शे. हाईच ली ले, योगा."

"आबा, वजनानं नसतं," दुकानदार हसला. "ते हीटसिंकचं वजन आहे. थंड करायचं लोखंड-तांबं."

"मंग? मोटर लेतांना बी आपन वजनच पाहतस. तांबं जास्त ते मोटर टिकस."

योगेंद्रनं तो डबा हातात तोलला. मग म्हणाला, "बरोबर आहे त्यांचं." आणि तेच घेतलं. किंमत मी इथं लिहीत नाही. काउंटरवर ती ऐकून मी बाहेर जाऊन उभा राहिलो. घरी जाताना आबांनी डबा मांडीवर ठेवला होता. एसटीत कोणाला धक्का लागू देत नव्हते.

कार्ड उत्तम निघालं. फेब्रुवारीत त्याचा आकडा पहिल्या तिघांत होता. मग ऊन चढलं आणि आकडा उतरू लागला. योगेंद्रनं पंखे बदलले, कॅबिनेटचं दार काढलं, चिपवरचा उष्णता ओढणारा लेप बदलला, कूलर वळवला. त्याला सगळं समजत होतं, हे मात्र मान्य केलं पाहिजे. त्यानंच मला समजावलं. कार्ड हवेवरचं असो की पाण्यावरचं, ते आपली उष्णता शेवटी खोलीतल्या हवेत टाकतं. खोलीपेक्षा थंड ते होऊच शकत नाही. एवढे महिने त्यानं कार्ड निवडलं होतं. आता त्याला खोली निवडायची होती.

आणि खोली होती. मळ्यात. त्याच्या बहिणीची.

दिपमालाताई योगेंद्रपेक्षा दोन वर्षांनी मोठी. कृषी पदवी घेतलेली. एक हंगाम तिनं धुळ्याला लोटननानांकडे काम केलं. लोटननाना फळांचे व्यापारी, त्यांची केळी पिकवायची केंद्रं आहेत. तिथून शिकून ती परत आली आणि आबांच्या मागे लागून तिनं मळ्यात एक चेंबर बांधून घेतलं. चेंबर म्हणजे केळी पिकवायची थंड खोली. जाड भिंती, जाड दार, थ्री फेज लाइन, मागे जनरेटर. आत हिरवी केळी क्रेटमध्ये रचतात, एक दिवस दार बंद करून गॅस देतात, मग हवा मोकळी करतात आणि ठरलेल्या अंशांवर, ओलाव्यात, हळूहळू पिकवतात. नीट झालं तर सगळ्या फण्या एकाच दिवशी एकाच रंगाच्या निघतात. व्यापाऱ्याला तेच हवं असतं.

योगेंद्र म्हणायचा, असली खोली केळीवर वाया चाललीय. तिथं गेमिंग कॅफे काढता येईल. चोपड्याची पोरं येतील. थंडगार हवा, कधी न जाणारी वीज.

आबांनी दोघांना समोर बसवून निकाल दिला होता. "आखाजीना माल पाहू. चांगला निंघना ते खोली दिपूनी. नही ते योगानी. हाऊ मन्हा शबद शे."

माल बिघडला तर खोली सोडायला ताई कबूल झाली. लोटननानांनीही तिला सांगितलं होतं, आखाजीचा माल एकसारखा पिवळा दे, मग दर आठवड्याचा माल तुझा.

हे सगळं मला तिनंच सांगितलं, धुळे ते चोपडा एसटीत. आखाजीला दोन दिवस होते. योगेंद्रनं मला सणाला बोलावलं होतं. ती आदल्या दिवशी लोटननानांकडे पिकअपचं आणि रिकाम्या क्रेटचं ठरवायला आली होती. धुळ्याच्या स्टँडवर भेट झाली. अमळनेरपर्यंत उभ्यानं गेलो. पुढे जागा मिळाली. तिच्या हातात एक कापडी पिशवी होती, तीत आईसाठी नवीन पातळ.

"गॅसचं झालं," ती म्हणाली. "हवा मोकळी करून काल निघाले. अठरावर लावलंय. उद्यापासून रंग धरायला लागतील. किल्ली आबांकडे दिलीय."

"योग्या काय म्हणतो?"

"त्याचं ते चाललंय. परवा मला म्हणाला, ताई, तुझी केळी किती नशीबवान, आम्हाला पंखा नाही." ती हसली. "म्हटलं, हरलास तर तुला बसू देईन आत. एका क्रेटच्या जागेत."

उतरल्यावर ती घरी गेली नाही. सरळ मळ्यात. मीही मागे. दुपार उतरली होती, तरी धूळ तापलेली होती. लांबूनच दिसलं. चेंबरचं दार पूर्ण लागलेलं नव्हतं. फटीतून काळी जाड वायर बाहेर आली होती आणि फटीला गोधडी कोंबली होती.

तिनं दार ओढलं.

आत योगेंद्र क्रेट उलटा टाकून बसला होता. अंगात स्वेटर, वर आबांची शाल, डोक्याला मफलर. समोर दोन क्रेटांवर कॉम्प्युटर. भोवती छतापर्यंत ताईची हिरवी केळी. मशीनचे लाल-निळे दिवे फण्यांवर फिरत होते. केळी कधी जांभळी दिसत, कधी रक्तासारखी. पायाशी शेवेचा पुडा, सांडलेली शेव, थंड पेयाच्या बाटल्या. एका बाटलीत काय होतं ते मी वासावरून ओळखलं. लघवीला उठायला लागू नये म्हणून.

"दार लाव, दार लाव," तो म्हणाला. "थंडी जाते."

ताई भिंतीवरच्या तापमानाच्या पेटीकडे बघत होती. पेटीवर नऊचा आकडा होता.

"अठरावर होतं," ती म्हणाली.

"अठराचा काय उपयोग, ताई? अठराला मी पाचवा."

"कधी उतरवलंस?"

"काल संध्याकाळी. सकाळी परत करणार होतो. मग वाटलं, अजून जाईल."

"फवारा का बंद आहे?"

"ओलावा बाधतो ना कार्डाला." हे तो असं म्हणाला, जणू तिला माहीत असायला हवं होतं.

कार्डाला काय बाधतं ते त्यानं शोधलं होतं. केळीला काय बाधतं ते शोधायला तोच फोन होता, तेच बोट होतं. किंवा ज्यांच्याकडून किल्ली आणली ते आबा होते. त्याला प्रश्नच पडला नव्हता.

"केळी मरतात, योगेंद्र."

"थंडीत? लोक फ्रीजमध्ये ठेवतातच ना?"

"कोण ठेवतं?"

"शहरात ठेवतात."

केळीच्या बागेत जन्मलेला माणूस हे बोलला.

ती पेटीकडे गेली. तो एकदम उठला, शाल खाली पडली, आणि त्यानं तिचं मनगट धरलं.

"थांब! रन चालू आहे. एवढी होऊ दे. आता हवा बदलली तर सगळं जाईल."

"हात सोड."

"ताई, दोन मिनिटं. तुला समजत नाही, मी किती दिवस—"

"योग्या, हात सोड तिचा," मी म्हणालो. माझा आवाज मलाच अनोळखी वाटला.

त्यानं सोडला नाही. पडद्याकडे बघत उभा राहिला, बहिणीचं मनगट मुठीत धरून, एखादी पिशवी धरावी तसं. मी त्याची बोटं उचकटली. ती बर्फासारखी होती. ताईनं बटणं दाबली, अंश वर आणले, फवारा चालू केला. तेवढ्यात पडद्यावर आकडा आला.

योगेंद्र ओरडला. पहिला. जळगाव, धुळे, नंदुरबार, सगळ्यांत पहिला. त्यानं मला मिठी मारली. स्वेटरला कच्च्या केळीचा, घामाचा आणि शेवेचा वास होता. तो माझ्या कानाशी आकडा पुन्हा पुन्हा म्हणत होता. मी हात खाली ठेवून उभा होतो. मिठी संपेपर्यंत श्वास घेतला नाही.

ताईनं एक केळं तोडलं. नखानं वरची हिरवी साल खरवडली. आत तपकिरी धागे दिसले, जुन्या जखमेत दिसतात तसे. तिनं दुसऱ्या क्रेटमधलं पाहिलं. तिसऱ्या. मग ती थांबली.

"हिरवीच तर आहेत," योगेंद्र म्हणाला. "बघ की. काही झालेलं नाही."

तिनं त्याच्या पायाजवळची ती बाटली दोन बोटांनी उचलली आणि बाहेर नेली.

मला त्याच संध्याकाळी परत जायचं होतं. बेबाबाईंनी जाऊ दिलं नाही. "आखाजी करीसन जाय, भाऊ." खरं तर ताईला क्रेट हलवायला माणूस हवा होता. ज्या बाजूला थंड हवेचा झोत थेट येतो तिकडचे क्रेट जास्त मेले असतील, दाराकडचे काही वाचतील, असं तिला वाटत होतं. दोन दिवस आम्ही क्रेट वेगळे करत होतो. योगेंद्र मदतीला आला नाही. त्याचं मशीन मात्र खोलीतच राहिलं. ताईनं तीनदा सांगितलं, घेऊन जा. "नेतो ना," तो म्हणायचा आणि फोनवर बोलत बांधावर फिरायचा. अभिनंदनाचे फोन येत होते.

चेंबरमध्ये काय झालं ते घरी ताईनं आबांना सांगितलं. मीही सांगितलं. ते ऐकत होते. मग योगेंद्रकडे वळून म्हणाले, "नऊवर कसाले लई गया रे?"

"पहिला आलो, आबा."

"पहिला?" आबांनी विचारलं. मग माझ्याकडे पाहून म्हणाले, "मन्हा पोऱ्यानं नाव बठ्ठास्ना वर शे." आणि चहा मागवला.

मी त्या रात्री जेवलो नाही. योगेंद्रला ताईची खोली हडपायची होती म्हणून त्यानं हे केलं असतं, तर मला कळलं असतं. कपटालाही समोरच्या माणसाचा थोडा विचार करावा लागतो. यानं तेवढाही केला नव्हता. खोलीची पैज त्या दिवशी त्याच्या डोक्यातही नव्हती. हे त्यानंच मला हसत सांगितलं. "अरे हो, ते पण आहेच," तो म्हणाला, जणू पायात आलेलं नाणं सापडलं.

आखाजीच्या सकाळी केळी राखेच्या रंगाची झाली होती.

पिवळी नाही, काळी नाही. राखट. वर धुरकट पापुद्रा, त्याखाली तपकिरी रेषा. हात लावला की मऊ नाही, कडकही नाही. मेलेल्या माणसाच्या कातडीला हात लावावा तसं. खोली त्या रंगानं छतापर्यंत भरली होती. वास गोड नव्हता, ओल्या पुठ्ठ्याचा होता. दाराकडचे थोडे क्रेट पिवळे झाले होते. ते बाकीच्यांत जास्तच केविलवाणे दिसत होते.

लोटननाना पिकअप घेऊन आले. पांढरं धोतर, टोपी, हातात घड्याळ. आत आले, एक फणी उचलली, खाली ठेवली, हात धोतराला पुसला.

"थंडी लागनी," ते म्हणाले.

"हो, नाना," ताई म्हणाली. "नऊवर गेलं होतं. रात्रभर आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत."

"तू कोठे व्हती?"

"तुमच्याकडे. धुळ्याला."

नानांनी मान हलवली. मग त्यांना कोपऱ्यातलं मशीन दिसलं. ते त्याकडे बराच वेळ बघत राहिले. योगेंद्रला वाटलं, त्यांना आवडलं. तो पुढे झाला.

"नाना, हे कार्ड अख्ख्या जिल्ह्यात एकाकडेच आहे."

"आसं?" नाना म्हणाले. "खाता येस का?"

बाहेर उभे असलेले दोन मजूर हसले. योगेंद्रही हसला. त्याला वाटलं, गंमत चाललीय.

आबा तोपर्यंत आले होते. नवीन टोपी, कपाळाला गंध. त्यांनी खोली पाहिली आणि डोळे खाली केले. मला वाटलं, आता बोलतील. आता तरी.

"शबद म्हंजे शबद," आबा म्हणाले. "मी सांगेल व्हतं. माल नही निंघना ते खोली योगानी."

"अभिमन," लोटननाना म्हणाले, "हाऊ माल तुन्ही पोरनी नही मारा."

"ते खरं शे, नाना. पन शबद दिधेल शे."

मी आबांकडे पाहत होतो. चांगला माणूस. कोणाचं वाईट न करणारा. शब्दाचा पक्का, असं गावात म्हणतात. तो शब्द त्यांनी आता छत्रीसारखा उघडला होता आणि त्याखाली उभे होते. पोराला रागवावं लागू नये म्हणून. मला त्यांची किळस आली. योगेंद्रची आली त्याहून जास्त. योगेंद्रला दिसतच नव्हतं. यांना दिसत होतं.

"ठीक आहे, आबा," ताई म्हणाली.

तिनं मजुरांना हाक मारली. राखट केळी म्हशींकडे आणि उकिरड्याकडे गेली. पिवळे क्रेट पिकअपमध्ये चढले. मग ती पाइप घेऊन खोली धुवायला लागली. माल निघाला की खोली धुतात, औषधाचं पाणी मारतात, म्हणजे पुढच्या मालाला बुरशी लागत नाही. पुढचा माल येणार नव्हता. तरी ती धूत होती. कोपरे, भिंतीचा खालचा भाग, दाराच्या रबराची खाच.

"ताई! पाणी उडेल!" योगेंद्र धावत आला.

तिनं पाइप बंद केला. हात ओढणीला पुसले. मशीनची वायर काढली, गुंडाळली, मशीन दोन्ही हातांनी उचललं आणि बाहेर निंबाखाली, सावलीत, उलट्या क्रेटवर ठेवलं. हळू ठेवलं. तान्हं मूल ठेवावं तसं नाही. दुसऱ्याची वस्तू ठेवतात तसं.

योगेंद्र फोनचा दिवा लावून मशीनभोवती फिरला.

"इथं ओरखडा पडलाय," तो म्हणाला. "हा आधी नव्हता."

"सांभाईसन ना, दिपू," आबा म्हणाले. "महागनं शे."

लोटननाना पिकअपच्या दाराशी उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं. ताई पुन्हा आत गेली, राहिलेला कोपरा धुऊन पूर्ण केला आणि किल्ली आबांच्या हातात दिली.

"पोरी," नाना म्हणाले, "मन्हाकडे चार चेंबर शेतस. मानूस नही. येशी का?"

"आजच येसू, नाना."

"आज?" आबा म्हणाले. "आज आखाजी शे."

"हो, आबा. माल आजच विकायचाय."

आम्ही घरी गेलो. बेबाबाई चुलीवर खापर चढवून मांडे करत होत्या. ताईनं सांगितलं. त्यांनी हातातला मांडा पूर्ण पसरला, भाजला, उतरवला. मग उठल्या आणि पत्र्याच्या पेटीतून ताईचे कपडे काढायला लागल्या. परवाच आणलेलं नवीन पातळ त्यांनी ताईच्या पिशवीत परत ठेवलं. ताईनं काढलं. त्यांनी पुन्हा ठेवलं. डब्यात मांडे भरले. आमरस एका बरणीत. दाराबाहेर येऊन उभ्या राहिल्या तेव्हा त्यांच्या हातांना पुरण लागलेलं होतं.

योगेंद्र मळ्यातून आला, उतरवलेल्या मांड्याचा तुकडा तोडून तोंडात टाकत. ताईकडे नाही, माझ्याकडे.

"किरण, तू थांब. खोलीत टेबलं लावायची आहेत. मोजमाप घेऊ. दोघं असलो की बरं."

"ताई चाललीय," मी म्हणालो.

"हो ना. बरंच झालं तिला पण. नोकरी लागली." तो खरंच आनंदी होता. "तू ऐक, एसी सोळावर ठेवला तरी आठ मशीन आरामात—"

मी त्याच्या तोंडाकडे पाहिलं. तीन वर्षं एका खोलीत, एका डब्यातलं खाल्लेला माणूस. त्याच्या ओठाच्या कोपऱ्यात मांड्याचा तुकडा चिकटला होता. तो बोलत होता आणि तुकडा हलत होता. मी पिशवी घेतली आणि पिकअपमध्ये मागे, क्रेटांच्या मध्ये चढलो. ताई पुढे नानांशेजारी बसली.

गावाच्या चौकात एसटी थांबली होती. आखाजीला लेकी माहेरी येतात. एकेक उतरत होत्या, कडेवर मुलं, हातात पिशव्या, भाऊ सामान घ्यायला धावत होते. निंबाच्या फांदीला झोका बांधलेला होता. पिकअपला त्यांच्यामधून वाट काढावी लागली. हळू चाललो होतो. एका बाईनं काचेतून ताईला ओळखलं.

"दिपमाला? कोठे चालनी वं, आखाजीले?"

"कामले," ताई म्हणाली.

बाई बाजूला झाली. कोणीतरी तिच्या हातातलं मूल घेतलं. ड्रायव्हरनं गिअर टाकला आणि पिकअप अमळनेरच्या रस्त्याला लागली.